सांगता येत नाही

“मॅडम, कुत्री सोडलीत. आता जरा बाहेर जाऊ नका,” दादा म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढायला त्यांनी सुनेला खूण केली.

मी खिडकीतून पाहिलं. अंगणात तीन कारवानी कुत्री मोकळी फिरत होती. लांब तोंडाची, बरगड्या दिसणारी, अजिबात आवाज न करणारी. त्यांच्या पलीकडे लोखंडी फाटक आणि फाटकापलीकडे उसातून जाणारा कच्चा रस्ता. मला इथवर घेऊन आलेली बँकेची गाडी कुठेच दिसत नव्हती.

“ड्रायव्हर मारुती गाडी घेऊन कुठं गेला?” मी विचारलं.

“मिरजेला पाठवलाय. पाहुणे आणायचेत. येईल की. तुम्हाला कसली घाई? रविवार तर आहे.”

दादा म्हणजे संपतराव इंगवले, आमच्या दीपमाळ नागरी सहकारी बँकेचे चेअरमन. जयसिंगपूरच्या पेठेत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. मी बँकेत क्लार्क म्हणून लागले ती त्यांच्याच सहीनं, आणि माझा धाकटा भाऊ अजित साखर कारखान्याच्या शेती खात्यात लागला तोही त्यांच्याच शब्दावर. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही. उलट मी जैन आहे हे लक्षात ठेवून सगळा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय करवून घेतला होता. दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, श्रीखंड. ताटाभोवती रांगोळीसुद्धा होती. माझं लक्ष मात्र ताटात नव्हतं.

कारण मला का बोलावलंय, ते मला ठाऊक होतं.

त्या वर्षी मी बँकेची अनुपालन अधिकारी होते. सोप्या भाषेत सांगायचं तर, खात्यांत पैसा कुठून येतो, कुठं जातो, तो सरळ वाटेनं चाललाय का, यावर नजर ठेवायची. काही खटकलं तर दिल्लीच्या सरकारी कार्यालयाला तसा अहवाल पाठवायचा. आणि पाठवला की तोंड शिवून घ्यायचं. ज्याच्याबद्दल पाठवला त्याला तर नाहीच, पण बँकेत शेजारी बसणाऱ्यालाही त्याचा वास लागू द्यायचा नाही. कायदाच तसा आहे. संचालक मंडळाला फक्त आकडा कळवायचा, म्हणजे या तिमाहीत असे किती अहवाल गेले तो. नाव नाही, खातं नाही.

आमच्याकडे हे पद म्हणजे तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी दाराला लावलेलं तोरण होतं. माझ्याआधीच्या गृहस्थांनी दर तिमाहीला ‘शून्य’ लिहिलं आणि सुखानं निवृत्त झाले. मीही सुरुवातीला शून्यच लिहीत होते. त्या आठवड्यातल्या बैठकीत मात्र मी ‘एक’ वाचलं. मग कुणीतरी चहाचं विचारलं आणि पुढचा विषय सुरू झाला. दादांनी मान वर करूनही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “मॅडम, रविवारी घरी जेवायला या. इतक्या वर्षांत तुम्ही कधी मळ्यावर आलाच नाहीत.”

तो ‘एक’ कोण होता, हे मी आजही लिहिणार नाही. कायदा तोच आहे.

जेवणं झाली. दादा मला दिवाणखान्यात घेऊन गेले. त्यांच्या हातात अडकित्ता होता. सुपारी कातरत ते अगदी सहज म्हणाले, “गेल्या तिमाहीला शून्य होतं, मॅडम. आता एक. हा एक कोण?”

“दादा, ते सांगायची मला मुभा नाही.”

“मी चेअरमन आहे.”

“आकडा मंडळाचा हक्काचा. तो मी दिला.”

“बरोबर आहे.” ते हसले. “उद्या बँकेला काही झालं तर सभासद माझ्या दारात येणार, तुमच्या नाही. माझ्या बँकेतून काय बाहेर जातंय, ते मला कळायला नको?”

“तुम्ही म्हणता ते पटतं, दादा. पण कायद्यानं माझं तोंड बांधलंय.”

“बरं, तुमचं व्रत मोडू नका.” त्यांनी सुपारीची चकती जिभेवर ठेवली. “नाव तुम्ही घेऊच नका. नावं मी घेतो. तो नसेल तर तुम्ही ‘नाही’ म्हणायचं. ‘नाही’ म्हणायला तर कायद्याची आडकाठी नसेल?”

मी तिथेच अडकले. एका नावाला ‘नाही’ म्हटलं की पुढच्या प्रत्येक नावाला म्हणावं लागणार, आणि ज्या नावाशी माझी जीभ थांबेल तिथं सगळं उघडं पडणार. सगळ्यांनाच ‘नाही’ म्हणावं, तर ते धडधडीत खोटं होईल, कारण ‘एक’ मीच वाचून दाखवला होता. म्हणजे आता एकच वाट उरली होती. पहिल्या नावाला जे म्हणेन, शब्दन् शब्द तेच, त्याच सुरात शेवटच्या नावालाही म्हणायचं.

“पाटणी कापडवाले?”

“सांगता येत नाही.”

“खोत बिल्डर?”

“सांगता येत नाही.”

“शिरगुप्प्यांचा पेट्रोल पंप?”

“सांगता येत नाही.”

असं बराच वेळ चाललं. ते नाव घेत, मी तेच म्हणे. मध्ये एकदा त्यांनी मिस्कीलपणे विचारलं, “भीमराव इंगवले?”

मी गोंधळले. “हे कोण?”

“आमचे वडील. वारले ते. बँक निघायच्या आधीच वारले.”

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

दादा पोट धरून हसले. मीही कसनुशी हसले. ताकाचा पेला हातात होता तो मी टीपॉयवर ठेवून दिला. हसता हसताच, सुपारीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, “एम. डी. ट्रेडर्स?”

या एम. डी. ट्रेडर्सबद्दल पुढे कोर्टात सगळं बाहेर आलं, म्हणून एवढं सांगते. गुळाचा घाऊक व्यापार करणारी फर्म. तिच्या खात्यात सकाळी वेगवेगळ्या गावांहून रोकड भरली जायची आणि दुपारी सगळी दुसरीकडे निघून जायची. रोज. एकदा खातेदारांच्या पत्त्यांच्या पडताळणीला बाहेर पडले होते तेव्हा मी तिचं गोदाम शोधत गेले. नांदणी रस्त्याला एक पत्र्याचं शेड होतं. कुलूप नव्हतंच. आत लग्नातल्या बँडची रंगीत गाडी लावलेली, आणि गाडीच्या सावलीत दोन शेळ्या. गुळाचा एक खडा नाही. समोरच्या पंक्चरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “गूळ? हितं? न्हाई वो. कधीच न्हाई.”

फर्मची मालकीण एक बाई होती. तिला बँकेत कुणी कधी पाहिलं नव्हतं. खातं उघडायचे कागद भरून, सह्या होऊन आले होते आणि वरून निरोप आला म्हणून शाखेनं खातं उघडून दिलं होतं. मयूरा धैर्यशील इंगवले. दादांची सून. आत्ता मला पोळी वाढणारी.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. पण सूर तोच राहिला असावा, कारण दादांनी लगेच पुढचं नाव घेतलं, आणि त्याच्या पुढचंही.

ऊन कलायला लागलं होतं. मी उठून म्हणाले, “दादा, आता निघते. दिवस मावळायच्या आत मला घरी जेवायचं असतं.”

“मग इथंच जेवा की. मयूरा, मॅडमचं ताट लवकर कर. त्या मावळल्यावर खात नाहीत.” मग माझ्याकडे वळून, “तोंडावर पाणी मारून या. थकल्यासारख्या दिसताय.”

मयूरा मला मागच्या बाजूला मोरीपाशी घेऊन गेली. तिशीच्या आतली असेल. निपाणीकडची. बोलण्यात कानडी हेल होता. तिची लहान मुलगी तिच्या साडीला धरून मागे मागे येत होती. मी तोंड धुतलं. तिनं टॉवेल पुढे केला आणि खाली बघत, पाठ केल्यासारखं एका दमात विचारलं, “मॅडम, माझ्या नावावर बँकेत काही आहे का हो? काही भानगड आहे का?”

माझा हात टॉवेलवरच थांबला.

दिवाणखान्यातला अडकित्त्याचा आवाज बंद झाला होता. बोळाचं दार पुरतं लागलेलं नव्हतं. तिला पाठवलं होतं का? की ती खरंच विचारत होती? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पाठवलेली असो वा नसो, माझ्यासमोर जी उभी होती, तिच्याच सह्या होत्या. उद्या कुणी धाड घातली तर बेड्या आधी तिला पडणार होत्या. दादा आणि त्यांचा मुलगा म्हणणार, धंदा सुनेचा, आम्हाला काय माहीत. ती पोरगी आईचा पदर चघळत माझ्याकडे टकाटका बघत होती.

‘हो’ म्हणणं म्हणजे गुन्हा, आणि दार उघडं असेल तर त्याहून वाईट. ‘नाही’ म्हणणं सगळ्यात सोपं होतं. ‘नाही गं बाई, काही नाही, तू निश्चिंत राहा.’ दादांनीही ते ऐकलं असतं आणि मला गाडीत बसवून घरी सोडलं असतं. तो शब्द ओठांपर्यंत आला होता. तिच्या तोंडाकडे बघून तो मला म्हणवेना.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. मग मुलीला कडेवर घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, “सरबत करते मॅडम. लिंबाचं.”

मी परत आले तेव्हा दादा सुपारी कातरत होते, आणि त्यांच्यासमोर माझा भाऊ बसला होता.

अजितला कारखान्यावरून बोलावून घेतलं होतं. हिरवे बूट, पायांवर चिखल, हातात टोपी. उभं राहावं की बसावं हे न कळलेल्या माणसासारखा तो सोफ्याच्या कडेवर टेकला होता. त्याच्यासाठी कुत्री बांधली असतील आणि पुन्हा सोडली असतील. मला काही ऐकू आलं नव्हतं.

“अजितराव, तुमच्या ताईंना समजवा जरा,” दादा म्हणाले. “दुपारपासून मी विचारतोय. छोटी गोष्ट आहे. पण त्यांना आमच्यावर भरवसा नाही.”

“ताई, काय झालंय?”

“काही नाही. बँकेचं आहे.”

“मग सांगून टाक ना. दादांपासून काय लपवायचं?”

“अजित, हे लपवणं नव्हे.”

“अगं, पण…” त्यानं दादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “माझं कायम होण्याचं पत्र या महिन्यात निघायचंय. तुला माहितीये. घराचा हप्ता, आईचं ऑपरेशन. ताई, तू एक शब्द बोललीस तर काय बिघडणार आहे?”

दादांनी हात वर केला. “तसलं काही बोलू नका अजितराव. नोकरीचा आणि याचा काही संबंध नाही. मी त्यातला नाही.” आणि ते उठून आत गेले. आम्हा दोघांना एकटं सोडून.

अजितनं आवाज बारीक केला. “कुणाचं आहे? त्यांच्याच घरातलं आहे का?”

“नको विचारूस.”

“म्हणजे आहे.”

“अजित, मी काहीही म्हटलेलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तू काढू नकोस. कुणालाच काढू देऊ नकोस.”

“मग ‘नाही’ म्हण! ‘नाही’ म्हण आणि आपण घरी जाऊ.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी कुणी मारलं की तो असाच माझ्याकडे धावत यायचा. “तुला दिल्लीवाले येऊन विचारणार आहेत का? इथं राहायचंय आपल्याला. या माणसांत.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढून घेतला.

बाहेर दिवस मावळला. माझं ताट वाढलेलं होतं, ते तसंच राहिलं. दिवे लागले तेव्हा दादा परत आले आणि दारातूनच ओरडले, “कुत्री बांधा रे!”

ते आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. अजित मोटारसायकल काढायला पुढे गेला, तसे ते माझ्या बाजूला थांबले.

“मॅडम, माझा तुमच्यावर राग नाही. मला कळायचं ते कळलं.”

मी अजितच्या मोटारसायकलकडे पाहत राहिले.

“ज्या बाईला माझ्या मेलेल्या बापाबद्दल ‘नाही’ म्हणता येत नाही, तिच्या पोटात काही नसतं. नुसतं पुस्तक असतं.” ते हसले. “कुठल्या तरी पाटणीचं चार पैशांचं असेल. उगाच दिवस घालवला मी. सावकाश जावा. रस्त्याला खड्डे आहेत.”

घराच्या कोपऱ्यावर अजितनं मोटारसायकल थांबवली, इंजिन बंद केलं आणि मागे न बघता म्हणाला, “मला तरी सांग. मी तुझा भाऊ आहे. कुणाला नाही बोलणार.”

मी खाली उतरले. जे चेअरमनला सांगितलं नाही ते भावाला सांगून मोकळी झाले असते, तर त्या घरात दिवसभर बसले कशाला? मी फाटक उघडलं. तो गाडीवरच बसून होता.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याच आठवड्यात माझी बदली जतच्या शाखेत, जुन्या कागदांच्या खोलीत झाली. अनुपालनाचं काम दादांच्या भाच्याकडे गेलं आणि आकडा पुन्हा शून्य झाला. अजितचं कायम होण्याचं पत्र निघालंच नाही. मुदत संपली तसं त्याला घरी पाठवलं. त्यानं मला दोष दिला नाही. बोलणंच बंद केलं. सुटीला मी घरी आले तरी एकाच घरात आम्ही आईच्या मार्फत बोलायचो.

आणि बाकी काहीच घडलं नाही. दिवस जात राहिले. सकाळी पैसा येत होता, दुपारी जात होता. दादांनी काही बदललं नव्हतं, कारण त्यांना बदलायची गरज वाटली नव्हती. जतच्या त्या खोलीत बसून मला वाटायचं, दिल्लीत कुठल्या तरी फडताळात कागदांचा ढीग लागलेला असेल आणि मी उगाचच आपल्या माणसांना पारखी झाले.

मग एका उन्हाळ्यात मुंबईहून अधिकारी आले. मळ्यावर, बँकेत आणि त्या शेडवर एकाच वेळी. दादा आणि त्यांचा मुलगा धैर्यशील यांना धरून नेलं. अपहरणाच्या, जुगाराच्या, लोकांना फसवून लुबाडलेल्या पैशाला गुळाचा मुलामा द्यायचं काम तिथं वर्षानुवर्षं चालू होतं. बँकेवर प्रशासक आला, ठेवी अडकल्या. शटरसमोर माणसं छत्र्या घेऊन उभी राहू लागली. आमच्या शेजारच्या कुंथुकाकूंचे पैसेही त्यात होते. त्यांचे पुढे ठेवींच्या विम्यातून मिळाले, काहींचे पूर्ण मिळालेच नाहीत. त्या मला जिन्यात अडवून म्हणाल्या, “पद्मजा, तू बँकेतच होतीस ना? तुला काहीच कसं कळलं नाही गं?”

मी मान खाली घालून वर गेले. ते उत्तरही मला देता येण्यासारखं नव्हतं.

एका गोष्टीचं मात्र गावाला नवल वाटलं. फर्मच्या मालकिणीला, मयूराला, अटक झाली नाही. धाडीच्या कितीतरी आधी ती माहेरी निघून गेली होती. एक दिवस वडिलांना बरोबर घेऊन शाखेत आली, आपलं ओळखपत्र दाखवून आपल्या नावाच्या खात्यांचे उतारे मागितले, आणि तिथून थेट वकिलाकडे जाऊन लेखी जबाब दिला. अधिकाऱ्यांच्या हातात तो आधीपासून होता.

खटला उभा राहायला वर्षं गेली. कोल्हापूरच्या कोर्टात मला साक्षीला बोलावलं तेव्हा मी नोकरीतून बाहेर पडले होते. अजितनं उसाच्या रोपांची रोपवाटिका टाकली होती, ती बरी चालली होती, आणि आमचं बोलणंही हळूहळू सुरू झालं होतं. त्या दिवशी मला कोर्टात सोडायला तोच आला. उतरताना म्हणाला, “जेव वेळेवर. मी बाहेरच थांबतो.” यापलीकडे मळ्यावरच्या त्या रविवाराबद्दल तो कधी काही बोलला नाही.

दादांच्या वकिलानं मला बराच वेळ उभं ठेवलं. शेवटी चष्मा काढून विचारलं, “तुम्ही त्या रविवारी आरोपींच्या घरी गेला होता. तिथं त्यांच्या सुनेला तुम्ही एकांतात भेटलात. तेव्हाच तुम्ही तिला सावध केलंत. खरं की नाही?”

“नाही.”

“तिनं विचारलं आणि तुम्ही सांगितलंत.”

“मी तिला काहीही सांगितलं नाही,” मी म्हणाले. आणि ते खरं होतं. निदान तेव्हा मला ते तसं वाटत होतं.

बाहेर आले तर बाकावर मयूरा बसली होती. सुती साडी, केस वर बांधलेले, मांडीवर कापडी पिशवी. निपाणीच्या शाळेत शिक्षिका झाली होती. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं. सरकून जागा केली.

“आत काय विचारलं ते मी विचारत नाही,” ती म्हणाली. “पण तुम्हाला एक सांगायचं राहिलंय.”

“काय?”

“त्या दिवशी मला मोरीपाशी दादांनीच पाठवलं होतं. म्हणाले, ‘बाईमाणसाला सांगेल ती. विचार जा, माझ्या नावावर काही आहे का.’ शब्दसुद्धा त्यांनीच शिकवले. तोवर माझ्या नावावर काही असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सह्या करायच्या म्हणून करत होते. घरचंच आहे म्हणत होते.”

“मग?”

“मी बाहेर येऊन सांगितलं, काही बोलल्या नाहीत. दादा खूश झाले.” ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. “पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी ह्यांना विचारलं. ‘नाही,’ म्हणाले. सासूबाईंना विचारलं, ‘नाही.’ पुन्हा दादांना विचारलं, ‘छे, छे, नाही.’ सगळे लगेच म्हणाले. प्रश्न पुरता व्हायच्या आत.” तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच सरळ. “तुम्ही एकट्याच ‘नाही’ म्हणाला नव्हता.”

त्या दिवशी दिवसभर जे तीन शब्द मी भिंतीसारखे समोर धरून बसले होते, ते तिनं नेमके दुसऱ्या बाजूनं वाचले होते. दादांनी ते ऐकून मला सोडून दिलं, आणि तिनं ते ऐकून ते घर सोडलं.

“तुमच्या भावाचं काय झालं?” तिनं विचारलं.

“बाहेर उभा आहे. मला न्यायला आलाय.”

तिनं मान हलवली. एवढ्यात कोर्टाचा शिपाई दारात आला आणि त्यानं नाव पुकारलं, “मयूरा तुकाराम सावर्डेकर!” माहेरचं नाव. ती उठली. मुलांच्या उत्तरपत्रिकांची पिशवी तिनं माझ्या हातात दिली.

“धरता का जरा? फरशी दमट आहे, खाली ठेवली तर शाई पसरेल.”

तिनं पदर सारखा केला आणि दार ढकललं. आत त्याच वकिलाचा आवाज होता. त्याच्या प्रश्नातलं ‘या सह्या तुमच्याच का?’ एवढंच मला बाहेर पुसट ऐकू आलं. तिचं उत्तर मात्र व्हरांड्याच्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

“हो.”